हत्तुरे मॅडमचं बिनशिक्क्याचं मिक्सिंग

दरवर्षी कॉलेज सुरू झालं की पहिल्या आठवड्यात कुणीतरी विद्यार्थी माझ्या टेबलाशी येऊन उभा राहतो आणि विचारतो, "सर, एडिटिंगला कुठलं सॉफ्टवेअर घेऊ? बजेट लई कमी हाय." मी मराठीचा माणूस. माध्यम विभागात बातमी कशी लिहावी हे शिकवायला मला बसवलंय, आणि सॉफ्टवेअरमधलं मला ओ की ठो कळत नाही. तरी माझ्या तोंडून आपोआप निघतं, "लॅपटॉप कुणाचा हाय?" मग माझं मलाच हसू येतं, कारण हा प्रश्न माझा नाही. तो हत्तुरे मॅडमचा आहे.

महादेवी हत्तुरे. मूळच्या मैंदर्गीच्या, लग्न होऊन सोलापुरात आलेल्या. सकाळी आमच्याकडे तासिका तत्त्वावर व्हिडिओ एडिटिंग शिकवायच्या आणि दुपारनंतर घराच्या पुढच्या खोलीत बसून लग्नांचं मिक्सिंग करायच्या. त्यांचे मिस्टर कॅमेरा घेऊन मंगल कार्यालयं पालथी घालत, आणि त्यांनी आणलेलं सगळं मॅडम जुळवत. एडिटिंग आणि मिक्सिंग हे एकच काम; कॉलेजात त्याला एक नाव, लग्नघरात दुसरं. मॅडमना त्यात काही फरक वाटत नसे. "हितं प्राचार्य बघतेत, तितं नवरीची आत्या बघती," म्हणायच्या. "आत्या जास्त कडक."

बाई ठेंगणी, अंगावर इरकल, चष्मा दोरीला अडकवून गळ्यात. खांद्याला पर्स कधी नसायची. कमरेला आईची जुनी चंची असायची, पानसुपारीची असते ना, कप्प्याकप्प्यांची, तीच. मॅडम पान खात नव्हत्या. चुन्याच्या कप्प्यात मेमरी कार्डं, सुपारीच्या कप्प्यात पेन ड्राइव्ह, आणि कातासाठीच्या छोट्या कप्प्यात कार्ड रीडर. वर्गात त्या चंची सोडून बसल्या की पोरं पुढं सरकायची. व्हिडिओ तयार होऊन बाहेर पडायला मशीन वेळ घेतं, तेवढ्या वेळात त्या कडक भाकरी मोडून खायच्या, आणि कामाचा आकारही त्यातच सांगायच्या. एखाद्यानं विचारलं की मॅडम, हे किती वेळात होईल, तर उत्तर यायचं, "अर्ध्या भाकरीचं हाय."

पण त्यांची खरी ओळख म्हणजे 'साकु'. कानडीत साकु म्हणजे पुरे. वर्गात पडद्यावर पोरांचं काम चालू असायचं, मॅडम मागच्या बाकावर बसलेल्या. जिथं दृश्य संपायला हवं तिथं त्यांचा तळहात वर जायचा आणि आवाज यायचा, "साकु." पोरं तिथं कापायची. नवरा-नवरी हार घालून झाले, साकु. पाहुणा आहेर देऊन झाला, साकु. पुढं पुढं हा शब्द विभागात इतका रुळला की माझं व्याख्यान लांबलं की मागून कुणीतरी तो हळूच सोडायचं. मी ऐकू न आल्यासारखं करायचो.

आता एक गोष्ट सरळ सांगतो, कारण मॅडम स्वतः ती लपवत नव्हत्या. त्या काळात सॉफ्टवेअरचा प्रश्न त्यांनी एका झटक्यात सोडवून टाकला होता. नवीन बॅच आली की चंचीतून एक पेन ड्राइव्ह निघायचा. "घ्या, प्रसाद." त्यात मोठ्या नावाच्या महागड्या सॉफ्टवेअरचा क्रॅक असायचा, म्हणजे कुलूप फोडून फुकट केलेली प्रत. अँटीव्हायरस बंद करून टाकायचं, एवढीच एक अट. मी एकदा विचारलं, "मॅडम, हे बरं आहे का?" तर म्हणाल्या, "सर, सोलापुरात कोण विकत घेतंय? भाड्यानं घ्यावं तर दर म्हैन्याला हप्ता. हप्ता चुकला की आपलंच काम आपल्याला उगडता येत न्हाय. त्यापेक्षा हे बरं की." मला तो मुद्दा बिनतोड वाटला. प्रसाद वाटला जात राहिला, पोरं शिकत राहिली, आणि मॅडम पोरांच्या लाडक्या होत्या.

माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या मुलीचं लग्न वैरागला निघालं तेव्हा शूटिंग आणि मिक्सिंग हत्तुऱ्यांकडं मीच लावून दिलं. दाजींचं, म्हणजे अक्काच्या यजमानांचं, वैरागच्या पेठेत बी-बियाणांचं दुकान. माणूस मोठा गोड आणि तितकाच अवघड. स्वतःच्या मुलीच्या लग्नात स्टेजवर उभं राहायला तयार नाही. फोटोला बोलावलं की "आलो, आलो" म्हणायचे आणि पंगतीकडं पळायचे. येणाऱ्या प्रत्येकाला त्यांचं एकच वाक्य, "बसा की." उभं असलेलं माणूस त्यांना बघवत नसे.

लग्न पार पडलं, पल्लवी सासरी गेली. आमच्या भागात मिक्सिंगची घाई लग्नघराला कधीच नसते. गाणी कुठली घालायची ते कळवायचं राहतं, फोटो निवडायचे राहतात, आणि शेवटी ठरतं की पोरगी नागपंचमीला माहेरी आली की सगळे मिळून बघू. तोवर शूटिंग मिक्सिंगवाल्याच्या मशीनमध्ये पडून. कार्डं मात्र रिकामी करावीच लागतात, कारण लग्नसराईत दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरं लग्न असतं. म्हणजे अख्ख्या लग्नाची एकच प्रत, आणि ती मॅडमच्या पुढच्या खोलीत.

आषाढात दाजी गेले. दुकानात बसल्याबसल्या छातीत कळ आली, आणि दवाखान्यापर्यंतही पोचले नाहीत.

दहावा-तेरावा झाल्यावर मी परत निघालो तेव्हा अक्कानं मला ओट्यावर थांबवलं. "तुज्या मॅडमला सांग, पंचमीला पल्लवी येईल तवा लग्नाचं तेवढं देऊन टाका. गाणी न्हाय घातली तरी चालतंय." मग पदर नीट करत म्हणाली, "फोटो हाय की घरात. पण फोटो बोलत न्हाय. मला ते बोलताना बघायचेत."

हा निरोप घेऊन मी कॉलेजात आलो तर मॅडम स्टाफरूममध्ये भाकरीचा डबा न उघडता बसलेल्या. माझं बोलणं त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "सर, प्रसाद भोवला."

झालं होतं असं की क्रॅकची नवी प्रत त्यांनी कुठल्याशा साइटवरून उतरवली होती, आणि तिच्याबरोबर जे यायचं ते आलं. एका सकाळी मशीन सुरू केलं तर सगळ्या फायली जागच्या जागी, नावंही तीच, पण उघडत एकही नव्हती. घर आपलं आणि कुलूप परक्याचं, अशी गत. पडद्यावर एक इंग्रजी चिठ्ठी होती, त्यात पैशांची मागणी. मॅडमनी दोघा-तिघा जाणकारांना मशीन दाखवलं, सगळ्यांनी मान हलवली. त्या हंगामातली सगळी लग्नं गेली. बाकीच्या घरची माणसं निदान धडधाकट होती. ती फार तर भांडली.

मी म्हणालो, "हार्ड डिस्क उडाली म्हणून सांगू या. अक्काला त्यातलं काय कळतंय?"

"उडाली असती तर तसंच सांगितलं असतं की," मॅडम म्हणाल्या. "गाडी कितीला हाय वैरागची?"

अक्कासमोर त्या उभ्या राहूनच बोलल्या. बसा म्हणणारा माणूस त्या घरात आता नव्हता, हे मला तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं. मॅडमनी व्हायरसचं, साइटचं काही सांगितलं नाही. एवढंच म्हणाल्या, "अक्का, शूटिंग गेलं. चूक मशीनची न्हाय, माझी हाय. मी चोरीचं सॉफ्टवेअर घालत हुते, आन त्याच्यासाठी दार मीच उगडं ठेवलं हुतं."

"म्हंजे माजा माणूस तुमच्या मशीनमदी हुता," अक्का सावकाश म्हणाली, "आन तुमी कडी न लावता झोपलात व्हय?"

"व्हय," मॅडम म्हणाल्या.

अक्का आत गेली ती बाहेर आली नाही. वैरागच्या त्या घरातून चहा न घेता मी आयुष्यात पहिल्यांदा निघालो. मला अक्काचा राग आला नाही, मॅडमचाही आला नाही. एसटीत आम्ही शेजारी बसलो. वाटेतलं वडाळा गाव मागं पडल्यावर मॅडमनी एकदम विचारलं, "सर, लग्नात फोन कुणाकुणाकडं हुते?"

"सगळ्यांकडंच की."

"मग लग्न गेलं न्हाय," त्या म्हणाल्या. "इकडंतिकडं सांडलंय."

पुढचे दिवस ही बाई दारोदार फिरली. मेसेजवर पाठवलेला व्हिडिओ चेपून येतो म्हणून त्यांना तो नको होता. मूळ फोनातूनच हवा होता. चंचीत केबल आणि कार्ड रीडर घेऊन त्या पाहुण्यांच्या घरी जायच्या, पाटावर बसायच्या आणि सांगायच्या, "लग्नातलं काय असंल ते द्या. वाईट आलेलं आधी द्या." वैराग झालं, सोलापुरातली घरं झाली, मोडनिंबला दाजींच्या बहिणीकडं जाऊन तिच्या नातवाचा काच फुटलेला फोनसुद्धा रिकामा करून आल्या. लोक नवलानं बघायचे. काहींनी तर चुकून बोटाआड आलेले, जमिनीचे, छताच्या पंख्याचे व्हिडिओही दिले. मॅडमनी सगळं घेतलं.

मग लॅबमध्ये बसून आम्ही ते बघायला लागलो. फोन धरणाऱ्या प्रत्येकाला नवरी हवी होती, नाच हवा होता. दाजी कुणालाच नको होते. ते सगळीकडं कडेला होते. कुठं नुसता खांदा, कुठं लाडूचं ताट पुढं करणारा हात, कुठं उपरणं टाकलेली पाठ. आणि कुठं माणूस दिसत नव्हता, फक्त मागून आवाज येत होता, "बसा की, बसा." मॅडमनी तो तुकडा थांबवला. मग म्हणाल्या, "सर, एरवी हे सगळं मी कापून टाकलं असतं. साकु म्हणून."

आता हे जोडायचं कशावर, हा प्रश्न आला. घरचं मशीन पुसून कोरं केलेलं, क्रॅक पुन्हा घालायचा नाही हे ठरलेलं, आणि मोठं सॉफ्टवेअर विकत घ्यावं अशी त्या हंगामानंतर त्यांची स्थिती नव्हती. राहिला विभागातला जुना कॉम्प्युटर. मॅडम वर्गात उभ्या राहिल्या आणि ज्यांना इतकी वर्षं प्रसाद दिला त्या पोरांनाच विचारलं, "फुकट पायजे, या खटाऱ्यावर चालायला पायजे, आन चोरीचं नको. कुणाला काय म्हाइत हाय?"

पोरं आधी एकमेकांकडं बघू लागली. मग एकेक बोलायला लागलं, कारण पैसे नाहीत म्हणून प्रत्येकानं काही ना काही खटपट केलेलीच होती. एकानं महिनाभर फुकट चालणारं सुचवलं. मॅडम म्हणाल्या, "म्हैन्यात संपलं न्हाय तर दाजी परत आत अडकणार." दुसऱ्याचं फुकट होतं, पण तयार व्हिडिओवर कंपनीचं नाव उमटवायचं. त्यांनी दाजींचा एक तुकडा घालून बघितला. ताट पुढं करणारे दाजी, आणि कपाळावर आडवा तो शिक्का. मॅडमनी लगेच बंद केलं. "यांच्या कपाळाला मी कुणाचा शिक्का लावणार न्हाय." तिसरं चांगलं होतं, शिक्का मारत नव्हतं, पण ते सुरू केलं की आमचा कॉम्प्युटर धापा टाकून मरायचा.

शेवटी मागच्या बाकावरचा इरफान उठला. पोरगं गुणी, पण स्वतःचं काम कधी दाखवायचं नाही, कारण ते फोनवर करायचं आणि त्याची त्याला लाज वाटायची. म्हणाला, "मॅडम, एक है मेरे पास. कोई लेता नै उसको, नाम नै है उसका. दिखने को गरीब है, पन धोका नै देता."

ते खरंच दिसायला गरीब होतं. करड्या रंगाच्या दोन खिडक्या, खाली एक पट्टी, बाकी काही नाही. पण खटाऱ्यावर चाललं आणि शिक्काही मारला नाही. एकच खोड होती: आवाज मागं पडायचा. दाजींचे ओठ हलून जायचे आणि 'बसा की' नंतर यायचं. फोनातलं चित्र एका वेगानं भरलेलं नसतं, कमी-जास्त होत राहतं, आणि त्यामुळं हे होतं, असं मॅडम आणि इरफान आपसात बोलत होते. आधी सगळे तुकडे एका वेगाचे करून घ्यायचे ठरलं. भाकरीमागून भाकरी मोडली गेली. मी मध्येच एकदा लॅबमध्ये डोकावलो आणि दारातच उभा राहिलो. पडद्यावर दाजी वळले, थेट माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "बसा की." ओठ आणि आवाज एकदम. मी खुर्ची ओढून बसलो. कुणी हसलं नाही.

पंचमीला पल्लवी माहेरी आली होती. तिच्या हट्टामुळंच अक्कानं मॅडमना घरात येऊ दिलं. मॅडम दाराजवळच्या खुर्चीवर, चंची मांडीवर घेऊन बसल्या. पेन ड्राइव्ह टीव्हीला लावला. लग्न सुरू झालं आणि खोलीतल्या सगळ्यांच्या लक्षात येत गेलं की हे नवरीचं लग्न नाही, नवरीच्या बापाचं आहे. नाच चालू आहे, पण कोपऱ्यात दाजी एका म्हाताऱ्याला हात धरून खुर्चीवर बसवतायत. अक्षता पडतायत, पण मागं दाजी पंगतीच्या पोरांना खुणावतायत. पल्लवी रडत होती आणि मधूनच हसत होती. अक्का दोन्ही करत नव्हती.

शेवटचा तुकडा मोडनिंबच्या त्या फुटक्या फोनातला होता. पोरानं फोन कुठंतरी टेकवून ठेवलेला आणि बंद करायला विसरलेला. पाठवणी झालीय. मांडवात कुणी नाही. दाजी येतात, सांडलेल्या खुर्च्या एकावर एक रचायला लागतात. मग मध्येच थांबतात, त्यातल्याच एका खुर्चीवर स्वतः बसतात, फेटा काढून मांडीवर ठेवतात आणि गेटकडं बघत राहतात. काहीच होत नाही. लांबून बाईचा आवाज येतो, "अवो, जेवायचं ऱ्हायलंय की तुमचं." दाजी म्हणतात, "आलो." पण उठत नाहीत.

तो आवाज अक्काचाच होता. मी मॅडमकडं बघितलं. सवयीनं त्यांचा तळहात मांडीवरून थोडा उचलला गेला होता. त्यांनी तो चंचीखाली सरकवला. पडद्यावर दाजी तसेच बसून राहिले, कितीतरी वेळ, फोनची बॅटरी संपेपर्यंत.

अक्कानं टीव्हीवरून नजर न काढता विचारलं, "शेवटचं कापायचं ऱ्हायलं काय?"

"न्हाय अक्का," मॅडम म्हणाल्या. "ते कापायचं न्हाय."

"पुना लावा."

पुन्हा लावलं. दाजी पुन्हा बसले, पुन्हा "आलो" म्हणाले. दुसऱ्यांदा संपल्यावर अक्का उठली, आत गेली. यावेळी ती बाहेर आली. हातात कपबशी होती. तोवर मॅडम निघायच्या तयारीनं उभ्या राहिल्या होत्या. अक्कानं कप त्यांच्यापुढं धरला आणि म्हणाली, "बसा की."

त्यानंतर प्रसाद बंद झाला, आणि ती प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली जी आजही माझ्या तोंडी आहे. लॅपटॉप कुणाचा, भावाचा असेल तर त्याला विचारलं का. मॅडम लॅपटॉपच्या पोटाला हात लावून तो किती तापतो ते बघायच्या. तुझ्या फोनातला सगळ्यात वाईट व्हिडिओ आण, तो त्यात घाल, तयार झालेलं कॅन्टीनच्या टीव्हीवर चालतं का बघ, शिक्का उमटतो का बघ. सगळ्यात शेवटी विचारायच्या, "उद्या पैसे नसले तर तुझं काम तुला उगडता येईल का?" या प्रश्नाला चांगल्या चांगल्या सॉफ्टवेअरांची नावं गळायची. नोकरीच्या ठिकाणी मोठंच सॉफ्टवेअर लागतं, हे त्या मान्य करायच्या. "तितं मालक घेऊन देतोय की. शिकायचं गरिबावर शिका." 'साकु' मात्र कमी झालं. हात वर जायचा, पण शब्द यायला वेळ लागायचा, आणि कधीकधी यायचाच नाही.

मिस्टरांचे गुडघे गेल्यावर दोघं हुबळीला मुलीकडं राहायला निघाले. मी स्टँडवर सोडायला गेलो होतो. मॅडम खिडकीशी बसल्या, मी खालून फोन काढून व्हिडिओ घ्यायला लागलो. त्यांना ते आवडलं नाही. चष्मा डोळ्यांवर चढवला, परत उतरवला, चंची चाचपली, मिस्टरांना कानडीत काहीतरी म्हणाल्या. गाडी सुटली तेव्हा त्यांनी खिडकीतून तळहात वर केला आणि म्हणाल्या, "साकु, सर."

मी फोन खाली केला नाही. गाडी वळेपर्यंत त्यांचा हात दिसतो. त्यानंतर बराच वेळ नुसता रिकामा फलाट आहे, आणि मोडनिंबची गाडी कुठं लागती म्हणून कुणीतरी विचारतंय. मी ते कापलेलं नाही.